काळा मेणखडू आणि रागिणीचं वावर

मी एक जुना मेणखडू आहे, आणि काळा आहे. यातली एकही गोष्ट मी लपवणार नाही. आता माझ्यातलं फार तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं उरलं आहे. तरीही मित्रांनो, माझी कहाणी मीच सांगणार. पिवळ्याकडे दिली तर तो सूर्यापासून सुरुवात करेल आणि माझ्यापर्यंत पोहोचणारच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मेण वितळवलं, त्यात काजळी घोटली, साच्यात ओतलं आणि गार झाल्यावर माझ्या अंगाभोवती कागद गुंडाळला. डबीत आम्ही बारा जण होतो. पिवळा पहिला, मी शेवटचा. चांदूर रेल्वेच्या एका दुकानात ती डबी बरेच दिवस पडून होती. एके दिवशी किशोर नावाचा भाजीवाला शेतकरी बाजार आटोपून आला आणि आपल्या पोरीसाठी आम्हाला घेऊन गेला. त्या पोरीचं नाव रागिणी. चौथीत शिकते, कमी बोलते आणि बोललीच तर समोरच्याला पाणी प्यावं लागतं.

घरी पोहोचल्या पोहोचल्या तिच्या धाकट्या भावाने, सागरने, मला चावून पाहिलं. त्याचे दोन दात माझ्या अंगावर उमटले ते कायमचे. तेव्हा मला फार राग आला होता. त्या खुणा पुढे माझ्या कामी येतील हे मला कुठे ठाऊक होतं?

कामाला मी कधी मागे हटलो नाही. कावळा मी, म्हैस मी, रेल्वेचे रूळ मी, आजोबांच्या छत्रीचं कापड मी. मी नसतो तर रागिणीच्या चित्रांतली सगळी माणसं आंधळी राहिली असती, कारण डोळ्यांची बुबुळंही मीच. कौतुक मात्र कोणाचं व्हायचं? निळ्याचं. "आभाळ किती छान रंगवलं गं," असं लोक म्हणायचे. आभाळात उडणाऱ्या पाखरांबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

माझ्यात एक खोड आहे, तीही सांगतो. मी पसरतो. रंगवताना हात माझ्यावरून फिरला की मी शेजारच्या रंगावर जातो आणि त्याला मळवतो. गेल्या वर्षी तालुक्याच्या चित्रकला स्पर्धेत रागिणीच्या शाळेचं चित्र तसंच मळून गेलं होतं आणि परीक्षकांनी त्यावर 'अस्वच्छ' असा शेरा मारला होता. तो शेरा तिच्या वर्गाच्या मंजुषा मॅडमच्या जिव्हारी लागला. मॅडम रोज अमरावतीहून येतात, मुलांसाठी जीव टाकतात, त्यांच्याबद्दल माझी दुसरी काही तक्रार नाही. पण या वर्षी स्पर्धा जाहीर होताच त्या बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन वर्गभर फिरल्या आणि सगळ्यांचे काळे खडू त्यात गोळा केले.

"चित्र जाईपर्यंत काळा बंद," त्या म्हणाल्या.

झाकण लागलं. आत आम्ही सतरा काळे होतो. बाकीचे गुपचूप पडून राहिले. मी नाही. डबा हलला की मी पत्र्यावर आपटत होतो. चूक हाताची आणि कोंडायचं खडूला, हा कुठला न्याय?

स्पर्धेचा विषय होता 'माझं शिवार'. प्रत्येक शाळेतून एकच चित्र जायचं होतं, आणि रागिणीचं चित्र सगळ्यांत सरस होतं. विहीर, पंपाच्या मोटारीची पेटी, मेथीचे वाफे, खुरपं घेऊन बसलेली आई. फक्त शेताची जमीन, इकडच्या भाषेत वावर, रंगवायची राहिली होती. अर्धा कागद पांढरा होता.

डबा मॅडमच्या टेबलावरच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, आणि झाकणाच्या फटीतून दिसतही होतं.

"रागिणी, जमीन का रंगवली नाहीस?"

"काळा द्या मले, मॅडम."

"तपकिरी लाव ना. परीक्षकांना चित्रात तपकिरी जमीन बघायची सवय असते."

"आमचं वावर तपकिरी नाई."

"मलाही दिसतं गं ते. पण काळा पसरला की चित्र गेलंच म्हणून समज. शनिवारी केंद्रप्रमुख चित्र न्यायला येणार आहेत. अर्धवट चित्र मी पाठवू शकत नाही. मग तुझ्या वर्गातल्या सुगतचं पाठवावं लागेल."

गेला महिनाभर रागिणी या चित्रासाठी खपत होती. पण ती म्हणाली, "पाठवा. मी तपकिरी नाई लावत."

मित्रांनो, त्या क्षणी मला त्या पोरीचा जो अभिमान वाटला, तो मी कोणत्या रंगात सांगू?

शुक्रवारी सकाळी रागिणीची आई जयवंता खिचडीसाठी पालक आणि गाजरं घेऊन शाळेत आली. शाळेला भाजी तीच पुरवते. मॅडमनी तिला बोलावून पांढरी जमीन दाखवली.

"ताई, तुम्हीच समजवा हिला. एका रंगासाठी अडून बसली आहे."

जयवंताने चित्र नीट पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी तिले तपकिरी कर म्हनून राह्यले?"

"हो. त्यात एवढं काय आहे?"

"आमच्याकडं तपकिरी वावर म्हंजे मुरमाड. मुरमात मेथी येते काय? माह्या सासऱ्यानं हे वावर घेतलं तवा पयले माती मुठीत घेऊन पाह्यली. काळी होती म्हनून घेतलं. आता पोरीनं सोताच्या हातानं त्याले मुरमाड करावं, अन् ते तालुक्याले दाखवावं?"

तिने टोपलीतली पालकाची एक जुडी उचलली आणि मुळांना चिकटलेलं ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं. मॅडमनी ते बोटाने दाबून पाहिलं. बोट काळं झालं. मग माझ्या डोक्यावरचं झाकण उघडलं.

"तुझा कोणता?"

रागिणीने सतरांमधून मला ओळखलं. सागरच्या दातांवरून.

मॅडमनी स्वतः एक कोरा कागद आणून तिच्या तळहाताखाली ठेवला, म्हणजे हात माझ्यावरून फिरणार नाही. बघा, एवढंच करायचं होतं. त्यासाठी सतरा जणांना कोंडायची गरज नव्हती. रागिणीने माझ्या अंगावरचा कागद सोलला, मला आडवं धरलं आणि जोर लावून घासत सुटली. मी मध्ये मोडलो. तिने दोन्ही तुकडे वापरले. विहिरीपासून बांधापर्यंत आणि आईच्या पायापर्यंत मी पसरलो, पण या वेळी जिथे जायचं तिथेच. उरलो तो हरभऱ्याएवढा.

शनिवारी चित्र गेलं. महिन्याभराने परत आलं. नंबर नव्हता, उत्तेजनार्थही नव्हतं. मागच्या बाजूला लाल पेनाने लिहिलेलं होतं, 'रेखाटन उत्तम. जमीन इतकी काळी का?'

मॅडमनी ती ओळ मोठ्याने वाचली. "माझं ऐकलं असतंस तर नंबर आला असता," त्या हळूच म्हणाल्या. रागिणी रडेल असं मला वाटलं होतं. तिने कंपासपेटी उघडली, मला नखाच्या चिमटीत धरलं आणि त्या लाल ओळीच्या खाली मोठ्या अक्षरांत उत्तर लिहिलं. मॅडमनी ते वाचलं. शुद्धलेखन सुधारलं नाही. नवा लिफाफा आणला, त्यावर परीक्षकांचा पत्ता घातला आणि चित्र परत पाठवून दिलं.

मित्रांनो, आमच्यासारखे खडू जपून ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपलेला खडू डबीत म्हातारा होतो. आम्हाला घासा, मोडा, चिमटीत मावेनासे होईपर्यंत वापरा. फक्त हाताखाली कागद ठेवा, आणि जे जसं आहे त्याला तसाच रंग द्या, मग नंबर येवो न येवो.

लिफाफ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी कंपासपेटीत वाट पाहतो आहे. कोणी विचारलंच तर रागिणीने माझ्याकडून लिहून घेतलेली ओळ मला पाठ आहे:

'वावर काळंच हाय. पाहाले या.'