पांढरा ठिपका

गच्चीच्या कठड्यावर दुर्बिणीची केस ठेवून प्रांजलने चेन उघडली. पश्चिमेला, नव्या टॉवरच्या क्रेनवर चंद्राची कोर होती आणि तिला खेटून शुक्र. बाबांनी जानेवारीतच कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल करून ‘युती’ लिहिलं होतं. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

जिन्याशी आई धापा टाकत उभी होती.

“तू कशाला आलीस? तुला कधी काही दिसलं नाही त्यात.”

“ते दिसायचे ना मला. सासुरवाडीला निघाल्यासारखे शर्ट बदलून यायचे वर.”

प्रांजल हसली, आणि दुर्बीण हातात घेऊन थांबली. तिच्या आणि बाबांच्या उजव्या डोळ्याचे नंबर निराळे, म्हणून उजव्या भिंगाच्या फोकसच्या कड्याशेजारी बाबांनी आईच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले होते. लाल त्यांचा, पांढरा प्रांजलचा. पस्तीस वर्षं अंधेरीच्या कारखान्यात फिटर. खूण केल्याशिवाय ते काही फिरवायचे नाहीत. युती आधी तिने पाहायची, मग कडं लालवर यायचं, मग बाबा पाहायचे. दुर्बीण केसमध्ये जायची ती लालवरच.

ते कडं हलवायचं नाही, पुसट दिसलं तरी चालेल, असं तिने जिन्यातच ठरवलं होतं.

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. कोर लख्ख दिसली. तिच्या पोटातला राखाडी अंधारसुद्धा. शुक्र टोचावा इतका स्पष्ट.

मोबाइलच्या उजेडात तिने कडं पाहिलं. ते पांढऱ्या ठिपक्यावर होतं.

“आई, मागच्या युतीला मी आले नाही, तेव्हा बाबा वर आले होते ना?”

“आले होते की. तू येतेस म्हणून साडेसहापासून. पार अंधार झाल्यावर उतरले.”

“मला फोनवर म्हणाले, पाहिली, झकास होती. तू तुझी मीटिंग कर.”

आईने पदराने कठडा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“नंतर काढली कोणी ही?”

“कोण काढणार गं?”

प्रांजलने कडं सावकाश फिरवून लाल ठिपक्यावर आणलं आणि पुन्हा पाहिलं. एका डोळ्यात कोर रेखीव, दुसऱ्यात विरघळलेली.

“दिसतंय का नीट?” आईने विचारलं.

“झकास,” ती म्हणाली, आणि कोर नि शुक्र क्रेनमागे उतरेपर्यंत तिने दुर्बीण खाली घेतली नाही.