ऐंशी मिलिमीटर

सायकलची तिसरी ट्यूबही आखूड व्हॉल्व्हची निघाली, तेव्हा विजयालक्ष्मीने ती डब्यासकट डायनिंग टेबलावर आपटली आणि जाहीर केलं, "आता मीच जाते झंडेवालानच्या सायकल बाजारात. त्या दुकानदाराला मोजपट्टी दाखवून येते."

"अगं, पुढच्या आठवड्यात जाईन ना मी," गुणवंतराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. "तुला कशाला उगाच दगदग?"

"पुढचा आठवडा, पुढचा आठवडा करत फेब्रुवारी उजाडला. ह्या रविवारी मी सायकल ग्रुपबरोबर इंडिया गेटला जाणार म्हणजे जाणार."

"बिल्कुल जा. मी कुठे नाही म्हणतोय?"

ते कधीच नाही म्हणत नसत. दिल्लीच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ उभ्या नोकरीत फाइलवर 'नाही' हा शब्द लिहिल्याशिवाय घरी आला, याचा त्यांना कोण अभिमान! एखादा प्रस्ताव मारायचा असला तर ते त्याच्याशी भांडत नसत. त्याला चुकीचं परिशिष्ट जोडून परत पाठवत. खालचे लोक बरोबर कागद शोधत बसत, महिने जात आणि प्रस्ताव आपल्या मरणाने मरे. साप मेला पाहिजे, पण काठी मोडता कामा नये. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये रात्रीच्या जेवणाला हे किस्से रंगत, आणि दुसऱ्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं स्टेनोगिरी केलेली विजया पोट धरून हसत असे.

सायकल मूळची लतिकाची. लेक कॅनडाला जाताना दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये ठेवून गेली आणि साठाव्या वर्षी विजया तिच्यावर बसायला शिकली. सोसायटीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला, मग ओढणी लावली, मग कंटाळून हसायचं सोडून दिलं. विजयाला त्याचं काही नव्हतं. आयुष्यभर तिच्या प्रत्येक पावलाला कुणाची ना कुणाची सही लागली होती. बदली नवऱ्याची, रजा साहेबांच्या मर्जीची, सुट्टी मुलीच्या शाळेची. सायकलला सही लागत नव्हती. पहाटे उठावं, टांग टाकावी, निघावं.

ऑगस्टमध्ये सेक्टर दहाजवळ पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. कॉलरबोन मोडलं, आणि पुढच्या चाकाच्या ट्यूबचा हवा भरायचा व्हॉल्व्हही मुळापासून तुटला. हाड डिसेंबरात जुळलं. डॉक्टरांनी सायकलला परवानगीही दिली. व्हॉल्व्ह मात्र जुळेना.

ह्या सायकलची रिम होती तीन बोटं खोल. व्हॉल्व्हने ती सगळी खोली पार करून पलीकडे डोकं काढावं, तर पंप त्याला धरणार. बाजारात सर्रास मिळतो तो अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा व्हॉल्व्ह. तो रिमच्या पोटातच गडप होई. हिला हवा ऐंशीचा. विजयाने तसं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, इंग्रजी आकड्यांत, खाली दोन रेघा मारून. ऑनलाइन मागवावं, तर घरातली सगळी ऑनलाइन खरेदी गुणवंतरावांच्या फोनवरून चाले, आणि तिथे नकली माल येतो असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते स्वतः मेट्रोने जात, संध्याकाळी दमून परत येत आणि पिशवीतून डबा काढून ठेवत. तीन वेळा गेले, तीन वेळा अठ्ठेचाळीस.

दुसऱ्या खेपेनंतर विजया खचली होती. बासष्ट वय, मोडलेलं हाड, आणि साधी एक ट्यूब मिळू नये? कदाचित आपण थांबावं असंच काहीतरी असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. हा विचार तिने कुणाला सांगितला नाही. तिला त्याची लाज वाटली होती.

गुरुवारी सकाळी चिठ्ठी, तिन्ही डबे आणि रुमालात गुंडाळलेला तुटका व्हॉल्व्ह घेऊन ती मेट्रोच्या ब्लू लाइनमध्ये बसली. डब्यांवर दुकानाचा शिक्का होताच. दुकान अरुंद होतं, छताला टायर लोंबत होते, आणि चष्मा कपाळावर चढवलेले एक सरदारजी चाकाच्या तारा आवळत बसले होते. तिने डबे काउंटरवर ओळीने मांडले.

"भाईसाहब, आपको नंबर पढ़ना आता है कि नहीं? तीन बार लिख के भेजा, अस्सी. तीनों बार आपने अड़तालीस पकड़ा दिया! बुज़ुर्ग आदमी देखा और जो माल पड़ा था, चिपका दिया?"

आजूबाजूच्या दोन दुकानांतली माणसं बाहेर आली. सरदारजींनी शांतपणे चष्मा खाली घेतला, चिठ्ठी पाहिली आणि तिच्याकडे पाहिलं.

"मैडम जी, ये दो लकीरों वाली पर्ची मैं पहचानता हूँ. चश्मे वाले अंकल जी, कपड़े का थैला, बड़े शरीफ़?"

"हाँ, वही."

"मैंने तो हर बार अस्सी ही निकाल के रखी थी जी. वो बोले, नहीं, अड़तालीस दो. मैंने समझाया, आपके रिम में नहीं चलेगी." सरदारजींनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "बोले, मुझे पता है."

विजयाने मांडलेले डबे पुन्हा पिशवीत भरायला घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाली होती ती, तीही भर बाजारात. आणि चोर कोण, हे सांगायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"उन्हें आजकल कम दिखता है," ती कशीबशी म्हणाली. "माफ़ करना, भाईसाहब."

"कोई बात नहीं जी." त्यांनी मागे हात घालून ऐंशीचा डबा काढला. इतका जवळच होता तो! "चढ़ानी आती है?"

"नहीं."

"तो सीख के जाओ. फिर किसी को भेजना नहीं पड़ेगा."

तासभर ती तिथल्या स्टुलावर बसून एका जुन्या चाकावर ट्यूब चढवत होती. पहिल्यांदा चिमटली, दुसऱ्यांदा बसली. हात काळे झाले. सरदारजींनी चहा मागवला.

परतीच्या मेट्रोत मात्र राग उकळून वर आला. खोटं बोलले याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. 'आता थांबावं' हा विचार आपलाच समजून ती लाजली होती. तो विचारही ह्याच माणसाने पिशवीत घालून घरी आणला होता, डब्याबरोबर. तिच्या फाइलला चुकीचं परिशिष्ट जोडलं होतं, आणि पस्तीस वर्षं ह्या खोडीवर हसलेल्या बाईला ती ओळखू आली नव्हती!

घरी येऊन तिने सायकलचं पुढचं चाक सोडवलं. आजचं वर्तमानपत्र हॉलमध्ये पसरलं, त्यावर ते आडवं ठेवलं आणि कामाला लागली. गुणवंतराव चहाचा कप घेऊन समोर बसले. रिमच्या भोकातून व्हॉल्व्हने डोकं बाहेर काढलं, चांगलं पेरभर, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मिळाली वाटतं."

"पहिल्या दिवसापासून मिळत होती. सरदारजींनी नमस्कार सांगितलाय."

गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"त्या दिवशी फोन तुझ्या नंबरवरून आला," ते म्हणाले, "आणि बोलला दुसराच माणूस. आंटी रोड पे पड़ी हैं, म्हणाला. सेक्टर दहापर्यंत रिक्षात बसून येईतो, विजया, मी सगळं ठरवून टाकलं होतं. लतिकाला काय सांगायचं, तेसुद्धा."

तिने पंप सोडला नाही.

"मग तसं सांगायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, कदाचित तुमचं ऐकलंही असतं. तुम्ही मला ती संधीसुद्धा दिली नाहीत. मी काय तुमच्या टेबलावर आलेला प्रस्ताव आहे? भीती वाटते तर भीती वाटते म्हणा. माझ्या फाइलला खोटे कागद लावायचे नाहीत. पुन्हा कधीही नाही."

"तू रविवारी..."

"जाणार. आणि वाटेत लागली तर एक ट्यूब जास्तीची हवी. ती तुम्ही आणायची. हीच चिठ्ठी घेऊन, त्याच दुकानातून."

शनिवारी गुणवंतराव गेले. दुकानात काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. डबा टेबलावर आला तेव्हा विजयाने तो त्यांच्यासमोरच उघडला, ड्रॉवरमधून मोजपट्टी काढली आणि व्हॉल्व्हला लावली. त्यांचे कान लाल झाले. ऐंशी भरले. तिने ट्यूब सायकलच्या पिशवीत ठेवली आणि वरणाला फोडणी द्यायला गेली.

रविवारी उजाडताना ती सायकल घेऊन लिफ्टमधून उतरली, तर गुणवंतराव मफलर गुंडाळून मागोमाग. गेटबाहेर ग्रुपमधली दहा-बाराजणं हेल्मेट घालून उभी होती, तिच्या लतिकापेक्षाही लहान. गार्डने दांडी वर केली. विजयाने खांदा एकदा फिरवून पाहिला. ज्या रस्त्याने जायचं होतं तो सेक्टर दहावरूनच जात होता.

"विजया," गुणवंतराव म्हणाले. गार्ड ऐकत होता, ती पोरं ऐकत होती. उभ्या जन्मात चारचौघांत असं काही न बोललेला माणूस तो. "मला भीती वाटतेय."

तिने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला.

"मलाही," ती म्हणाली, आणि टांग टाकली.