सुटली म्हण

सकाळी धपाट्यांचा डबा घेऊन उत्तरा हॉटेलात मुलाच्या खोलीवर गेली, तेव्हा देवांग पाण्याच्या बाटलीशी झटत होता. उजव्या हातानं झाकण फिरेना. शेवटी बाटली मांड्यांत धरून त्यानं ते डाव्या हातानं उघडलं.

"काय झालं रे हाताला?"

"नथिंग."

"देवांग!"

"दोन फिंगर्स झोपलीत थोडी. गुरुवारच्या मॅचपासून. इट्स फाइन."

"कोचना सांगितलंस?"

"आई, नो! आज फायनल आहे. माझं कॉलेजचं लास्ट इयर. प्लेअर निवडायला स्टँडमध्ये प्रो टीमचे स्काउट येणारेत. सांगितलं की बसवतील मला." मग त्यानं गळ्याची कातडी डाव्या हाताच्या चिमटीत धरली. "तुला माझी गळ्याशप्पथ. कोणाला नाही सांगायचं. बाबांना पण."

मिशिगनमधल्या ट्रॉयला जन्मलेलं पोर. मराठी मोडकं, पण ही शपथ अगदी चोख. तिनंच शिकवलेली. आणि तिचा उरलेला अर्धा भागही तिनंच शिकवला होता: ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटलं, की शपथ सुटते. लहानपणी दिवा फोडून शपथ घालायचा आणि बाबा घरी येताच स्वतःच "सुटली, सुटली!" ओरडत सगळं सांगून मोकळा व्हायचा.

"सुटली म्हण," ती म्हणाली.

तो हसला, एक धपाटा उचलला आणि टीमच्या बसकडे गेला.

मैदानाकडे जाताना तिनं गाडीत नेहमीप्रमाणे कीर्तन लावलं.

"आज तरी स्पोर्ट्स रेडिओ लाव," तिचा नवरा विनय म्हणाला. "तुझे बुवा काय बॅटिंगला येणारेत?"

"आले तर तुझ्यापेक्षा बरे खेळतील."

बुवा रंगात आले होते. युद्धात शस्त्र धरणार नाही असा शब्द दिलेला देव भक्तावर बेतल्यावर रथातून उडी टाकून धावतो, ते आख्यान. पीतांबर मागे ओढला जातोय, त्याचं भान नाही. 'शब्द मोडला तर मोडू दे, माणूस मोडायला नको!' एवढं म्हणून बुवांनी गजर उचलला, टाळ घुमले, आणि विनयनं पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं.

देवाचं ठीक आहे, उत्तराच्या मनात आलं. त्याला कोण जाब विचारणार? आईनं मोडलेली शपथ मात्र ज्याच्या गळ्याची असेल त्याला लागते. नव्या देशात येऊन तीस वर्षं झाली, तरी हे मनातून गेलं नव्हतं. त्याचा गळा एकीकडे, त्याचा हात एकीकडे.

बेसबॉलची मॅच सुरू झाली. कॉन्फरन्सची चॅम्पियनशिप, जिंकलं की पुढे नॅशनल. आपले लोक एका रननं पुढे होते. गुरुवारी पूर्ण मॅच बॉल टाकलेल्या देवांगला आज विश्रांतीच मिळेल, असं विनय सगळ्यांना सांगत होता. ते ऐकून तिला थोडा धीर आला. सातव्या इनिंगला मात्र टीम बसते त्या डगआउटमधून खूण झाली आणि देवांग उठून बाजूच्या बुलपेनमध्ये बॉल टाकायला गेला. पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, मैदानात उतरण्याआधी तिथे हात गरम करतात.

"बघ, बघ! आपला येतोय!" विनय उभाच राहिला. पलीकडच्या, समोरच्या टीमच्या स्टँडमधून कोणीतरी देवांगच्या जर्सीवरचा नंबर घेऊन ओरडलं, "हे फॉर्टी-टू, युअर आर्म फॉल ऑफ येट?" सगळे हसले. विनयही हसला.

उत्तरा बघत होती. प्रत्येक बॉलनंतर तो हात झटकत होता, जसा विस्तवाला लागल्यावर झटकतात.

ती उठली. बुलपेनच्या जाळीपाशी गेली.

"देवांग."

"आई, प्लीज. नॉट हिअर."

"सुटली म्हण."

"नाही."

"सुटली म्हण, बाळा. माझ्या तोंडानं मला मोडायला लावू नको."

त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि पुढचा बॉल टाकला. बॉल कॅचरपासून बराच लांब गेला. हात झटकला.

उत्तरानं डोळे मिटले. देवा, काय लागायचं ते मला लागू दे. मग ती बुलपेनच्या कोचला इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, माझ्या मुलाची दोन बोटं बधिर आहेत. गुरुवारपासून. त्याला बाटली उघडत नाही."

कोच देवांगपुढे हात करून म्हणाले, "देव, स्क्वीझ माय हँड."

देवांगनं त्यांचा हात धरला. जबडा आवळला, मान ताठ केली. कोचचा चेहरा थोडासा उतरला. त्यांनी दुसऱ्या हातानं बॉल काढून घेतला.

"यू प्रॉमिस्ड, आई," देवांग म्हणाला. मोठ्यानं नाही.

त्याच्याऐवजी दुसरा मुलगा आला. नवव्या, शेवटच्या इनिंगला त्याच्या बॉलवर दोन रन गेले, मॅच गेली, आणि पलीकडचे सगळे मैदानात एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडले.

"तुला माहीत होतं?" विनयनं विचारलं. "आणि मला नाही सांगितलंस?"

"शपथ होती."

"अगं पण मग..." तो खाली बसला.

मुलं तिच्याकडे न बघता एकेक करून बसमध्ये चढत होती. शेवटी देवांग आला, उजव्या कोपराला बर्फ बांधलेला.

"मंडेला एल्बोच्या नर्व्हचं स्कॅन आहे. डॉक्टर म्हणाला, अजून टाकला असता तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "नसता टाकला तरी ऑपरेशन असेल कदाचित. सो."

"मी येते."

त्याचे डोळे लाल होते.

"देवांग, आता तरी सुटली म्हण रे. तुझ्यासाठी सांगते, माझ्यासाठी नाही."

त्यानं डाव्या हातातली पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

तिनं झाकण उघडून दिलं. तो उभ्या उभ्या घटाघटा अर्धी बाटली प्यायला आणि बसमध्ये चढला. खिडकीत बसला, पण काच काळी होती. तो कुठे बघतोय ते तिला कळलं नाही.

"चल," विनय म्हणाला. "गेली बस."

"थांब जरा," उत्तरा म्हणाली. झाकण तिच्या मुठीतच राहिलं होतं.