वीस मिनिटांची ज्येष्ठा

मरुदमुत्तु जोसियरांनी पन्नास वर्षांत एकच पत्रिका खोटी सांगितली, आणि तीसुद्धा सख्ख्या बहिणीच्या लेकीची. बाकी माणूस सरळ. तमिळ मुलखातल्या मायवरमच्या आसपास कुणाचं लग्न असो, बारसं असो, नाहीतर बोअर पाडायची असो, लोक म्हणायचे, "आधी जोसियरांना विचारून या." आणि जोसियर सांगतील ते ब्रह्मवाक्य! म्हणून तर ते एक खोटं इतकं बेमालूम पचलं.

कावेरीकाठी पंचांगं दोन चालतात. एक जुनं, देवळातलं, पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेल्या वाक्यांवरून मांडलेलं. दुसरं नव्या गणिताचं. चंद्र एका नक्षत्रातून दुसऱ्यात कधी गेला, यावर दोघांत कधी पाच मिनिटांचा फरक पडतो, कधी पाऊण तासाचा. जोसियरांच्या घराण्यात जुनंच पंचांग. नव्याला ते "कॉलेजवाल्यांचं" म्हणून हसायचे.

बहिणीची, शिवगामीची, मुलगी वडिवु सकाळी साडेसातला जन्मली. जुन्या पंचांगात अनुराधा सात बावन्नपर्यंत होती. नव्यात ती सात दहालाच संपून ज्येष्ठा लागली होती. मामाने अर्थात अनुराधा मांडली. रास कुठूनही वृश्चिकच, पण नक्षत्रात जमीन-अस्मानाचा फरक. अनुराधेची मुलगी मैत्रीची, मायेची. ज्येष्ठेची मुलगी मात्र लग्न होऊन ज्या घरात जाते, तिथल्या थोरल्या दिराला खाते, असं म्हणतात.

आता त्या मुलुखात आत्याची मुलगी ही मामाच्या मुलाचीच. तिला नाही म्हणणं म्हणजे बहिणीच्या तोंडात मारल्यासारखं. वडिवु तेवीस वर्षांची झाली तेव्हा शिवगामीने जोसियरांच्या धाकट्या मुलासाठी, कदिरेसनसाठी, सहज विचारलं. तोवर जोसियरांची बायको अंजलै कुंभकोणमची एक शिक्षिका मनात धरून बसली होती. "विधवेच्या झोपडीतली सून आणायची का हो?" असं तिने एकदाच विचारलं. सगळा दोष अंजलैवर ढकलायला जोसियरांना आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांनाही वकिली करणारा व्याही, लग्नात मोटारी, असलं काहीबाही हवं होतं.

त्यांनी कॉलेजवाल्यांचं पंचांग उघडलं. बहिणीला म्हणाले, "परत गणित केलं गं. ज्येष्ठा निघते. आमच्या धनपालला जड जाईल."

धनपाल त्यांचा थोरला. शिवगामीने भावाचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "अण्णा, बरं झालं वेळेवर सांगितलंस! माझ्या पोरीपायी धनपालला काही झालं असतं तर मी कुठल्या विहिरीत जीव दिला असता?" आणि तिने त्यांच्यापुढे फणसाचे गरे ठेवले. जोसियरांनी ते खाल्ले. आजही फणसाचा वास आला की त्यांना मळमळतं.

कदिरेसनचं लग्न कुंभकोणमला झालं, तो पुढे तिरुप्पूरला गेला. वडिवु ज्येष्ठेची म्हणून गावभर झाली. थोरला भाऊ असलेलं स्थळ परस्परच कटायचं. नवरामुलगाच थोरला असला, तरी त्याची आई कुरकुरायची. पाच वर्षांनी धनपाल बायपासवर लॉरीखाली गेला. लोक एकमेकांना म्हणाले, बघा, नुसती बोलणी झाली होती तरी लागलं. जोसियरांनी ते कानांनी ऐकलं, आणि पोराच्या दुःखात आहोत अशा नावाखाली गप्प बसले.

वडिवु आता छत्तीसची. देवळासमोर फुलं विकते. तळ्याकाठी ज्येष्ठादेवीची जुनी मूर्ती आहे, हातात केरसुणी, बाजूला कावळ्याचा झेंडा. समुद्र घुसळला तेव्हा लक्ष्मीच्या आधी वर आली ती ही थोरली, आणि सगळ्या देवांनी माना फिरवल्या, हिला कुणी घेईना. गावानेही मूर्ती पालथी घालून ठेवली आहे. तिच्यापुढे वडिवु एकटीच दिवा लावते.

आणि आनी महिन्यात, म्हणजे ज्येष्ठ-आषाढाच्या सुमाराला, अचानक स्थळ आलं. इळंगोवन नावाचा वायरमन, बायको वारलेला, निर्व्यसनी. त्याने वडिवुला फुलांच्या पाट्यांमागे पाहिलं होतं. शुक्रवारी बघायला येणार होते. त्याला एक थोरला भाऊ होता, नटेसन. हे कळल्यावर वडिवुने साफ सांगितलं, "नको. एक जीव घेतलाय, पुरे झाला."

शिवगामी रडत भावाकडे आली. "अण्णा, तू नक्षत्राची काहीतरी शांत सांग ना. तुझं ऐकेल ती."

बुधवारी दिवेलागणीला जोसियर बहिणीकडे गेले. वडिवु ओट्यावर मोगऱ्याचे गजरे ओवत होती.

"नाही म्हणालीस म्हणे."

"हो मामा. तुम्ही तरी आग्रह करू नका."

"वडिवु, तू ज्येष्ठेची नाहीस. अनुराधेची आहेस. मी खोटं सांगितलं तेव्हा."

ती हसली. अगदी समजूतदार हसली. "आईने पाठवलं ना?"

"देवाशपथ सांगतोय! आठवतं का, लहान होतीस तेव्हा तुला इथनंच विंचू दाखवायचो." त्यांनी आभाळात आग्नेयेला हात केला. विंचू नुकता वर आला होता. "डोक्याशी ते तीन तारे, अनुराधा. 'ही माझी वडिवु' म्हणायचो. छातीतली ती तांबडी, ज्येष्ठा. ती तुझी कधी नव्हतीच गं."

"लहान पोरांना माणूस काहीही सांगतो, मामा." तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत. आता माझ्यासाठी बोलू नका. पाप लागेल तुम्हाला."

जोसियरांना वाटलं, हिने चप्पल काढून मारली असती तर बरं झालं असतं.

"पण तुझं कदिरेसनशी लग्न झालंच नाही. धनपालला तुझं नक्षत्र लागेल कसं? एवढा तरी विचार कर."

वडिवुचे हात थांबले. "झालं नाही खरं. पण मी त्याला मनातून कधी काढलाच नाही. रोज नवरा मानत राहिले. त्याचंच लागलं धनपालअण्णाला. हे आईलाही ठाऊक नाही, तुम्ही बोलू नका."

मामाच्या मनात आलं, पोरगी आठ वर्षं हे उराशी घेऊन फुलं ओवतेय, आणि आपण घरी बसून लोकांचे गुण जुळवतोय! लाज वाटली त्यांना, आणि भीतीही वाटली. एकांतातली कबुली ही मानणार नाही. कोण मानेल? जोसियर खोटं बोलत नाहीत, हे गावाला पटवायला त्यांनी पन्नास वर्षं घालवली होती. आता चारचौघांत सांगावं लागणार, आणि तोंडावर सांगितलं की त्यांच्या शब्दाला गावात कुत्रं विचारणार नाही. गुरुवारी त्यांना जेवण गेलं नाही. अंजलैने विचारलं तर म्हणाले, "पित्त झालंय."

शुक्रवारी मंडळी आली. केसरी शिरा झाला, भजी झाली. वडिवु आत चुलीपाशी बसून राहिली, बाहेर यायला तयार नाही. शिवगामी कसनुसं हसत कॉफी वाढत होती. नटेसन गडगडाटी माणूस. तो म्हणाला, "काय जोसियर, पत्रिका काढा! जगतो का मी, बघू द्या!"

सगळे हसले. जोसियरांनी पिशवीतून दोन्ही पंचांगं काढली आणि सतरंजीवर शेजारी शेजारी उघडली.

"हे जुनं. आमच्या घराण्याचं. यात अनुराधा. हे नवं. हे मी कधी वापरत नाही. उभ्या आयुष्यात एकदाच वापरलं. यात ज्येष्ठा निघते." त्यांनी बहिणीकडे बघायचं टाळलं. "बहिणीची मुलगी मला सून करायची नव्हती. नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून हे उघडलं. गणित चुकलं नव्हतं, मी मुद्दाम केलं. सगळं जाणूनबुजून. तेरा वर्षं गप्प बसलो. माझा मुलगा गेला, लोकांनी हिच्या नावाने बोटं मोडली, तरी गप्प बसलो."

अंजलै दारातच थबकली होती. "अहो, काय बरळताय? डोकं फिरलंय का?" ती म्हणाली.

"तू गप्प बस. पत्रिका मांडणारा मी होतो."

नटेसनने दोन्ही पंचांगांवरून नजर फिरवली आणि तो भावाला म्हणाला, "मला दोन्हींतलं काही कळत नाही. तुला मुलगी पसंत आहे का, ते बोल."

"आहे," इळंगोवन म्हणाला.

"मग झालं तर. फक्त मुहूर्त आपण दुसऱ्याकडून काढू." त्याने हे जोसियरांकडे न बघता सांगितलं. पाठीमागे गावातले दोघे-तिघे बसले होते, त्यांनीही मान हलवली.

शिवगामीने भावाच्या पुढ्यातली कॉफी उचलली आणि आत नेली. जोसियरांनी कॉफीला अजून तोंडही लावलं नव्हतं.

मंडळी रस्त्याला लागली तशी वडिवु बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज एकदम सपाट.

"मामा, खोट्यासाठी कुणी स्वतःच्या पोटावर पाय देत नाही. म्हणजे परवाचं खरं होतं."

"खरं होतं."

"मग धनपालअण्णा माझ्यामुळे नाही गेला?"

"नाही बाळ. लॉरीवाला झोपला होता. एवढंच."

ती खांबाला टेकली. म्हणाली, "त्याला घरी आणलं त्या दिवशी मी आले होते. आई म्हणाली होती, आत पाऊल टाकू नकोस, आता कदिरेसनवर येईल. म्हणून तुमच्या परसाच्या कुंपणाबाहेर उभी राहिले, केळींच्या मागे. तोंडात पदर कोंबून रडले. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली होती मी. त्याचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही."

ती मामाकडे वळली.

"तेव्हा तुम्ही पाय धुवायला परसात आला होतात. मला वाटलं, केळींत दिसले नसेन. दिसले होते का, मामा?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागला असता! जीभ तशी वळलीही.

"दिसली होतीस," मरुदमुत्तु म्हणाले.