थांब म्हटलं की थांबायचं

मी गोलकीपरचा डावा हातमोजा. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. कारखान्यात मला शिवणारी बाई म्हणाली होती, "जाड रबर लावलंय हो तुला, चेंडूला घाबरू नकोस." चेंडूला मी कधीच घाबरलो नाही. मी घाबरतो रविवाराला.

मला आमच्या मालकिणीच्या आत्याने आणलं. ती लहानपणीच शिकायला दूर गेली, तिथेच फुटबॉल खेळली आणि परतली ती इथल्या मुलींना शिकवायचंच, असं ठरवून. भाचीसाठी घेतलेली आमची जोडी बॅगेत भरताना ती म्हणाली होती, "बघाल तुम्ही. आईबाप रेघेबाहेर उभे राहतील, चुकलं तरी टाळ्या वाजवतील. घरी जाताना एवढंच विचारतील, मजा आली का?" मी आणि उजवा, दोघेही हुरळून गेलो.

पहिल्याच रविवारच्या मॅचला आईबाप रेघेबाहेर उभे होते खरे. पण टाळ्या कसल्या! "अगं, झोपलीस का?" "त्या सहा नंबरला पाड ना!" एक आई तर पंचांना चष्म्याचा नंबर विचारत होती. आणि सगळ्यांत मोठा आवाज आमच्याच घरचा.

आमची मालकीण दहा वर्षांची. अंगाने एवढीशी आणि चपळ, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. तिचे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, बंदरावर क्रेन चालवतात. त्यांच्या कामात एक नियम असतो. कोणीही "थांब!" म्हणून ओरडलं की असेल तिथे, असेल तसं थांबायचं. का, ते नंतर विचारायचं. हा नियम बाबांनी घरीही आणला होता. रस्ता ओलांडताना, गॅसपाशी, कुठेही "थांब!" ऐकू आलं की खारूताईचा उचललेला पाय हवेतच राहायचा. पाहुणे हसायचे, "चावीची बाहुली आहे का रे तुझी पोर?"

मैदानावर बाबांचा आवाज चढला की तिचा तळवा माझ्या आत ओला व्हायचा. बोटं आखडायची. चेंडू समोरून यायचा आणि तिचे डोळे बाबांकडे! मी बाहेरून जाडजूड, पण आतून तिच्याइतकाच लटपटायचो.

गेल्या रविवारी मॅच संपायला पाच मिनिटं होती. समोरची एक उंच मुलगी चेंडू घेऊन एकटीच सुटली. खारूताईने अगदी योग्य तेच केलं. गोल सोडून ती पुढे धावली. चेंडू दोन पावलांवर आला होता.

"थांब!" बाबा ओरडले.

ती थांबली. अर्ध्या वाटेत, हात पुढे केलेले, पुतळ्यासारखी. उंच मुलीला वळायला वेळच मिळाला नाही. उजव्या बाजूने 'कट्' असा आवाज आला आणि मी खारूताईच्या पोटाखाली दबून गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी उजवा मोजा कात्रीने कापून काढला. तिची करंगळी मोडली होती. माझा जोडीदार ट्रेमध्ये उभा चिरलेला पडला होता. मी बाबांच्या मुठीत होतो. खारूताई एकच वाक्य बोलली, "मला आता मैदानावर नाही जायचं." मग तिला प्लॅस्टर घालायला पडद्याआड नेलं.

"दादा, का ओरडलास?" आत्याने विचारलं.

"धडकणार होती ती."

"धडकली, कारण तू ओरडलास."

बाबांनी मला मुठीत घट्ट आवळलं. मग म्हणाले, "एकदा क्रेनखाली माणूस होता आणि मी ओरडलो नव्हतो. पाय गेला त्याचा. तेव्हापासून तोंड मिटलं की धडकी भरते गं मला."

त्यांच्या मुठीत मी भिजून चिंब झालो होतो. हा घाम माझ्या ओळखीचा होता. मला वाटायचं, हे रागावलेले असतात. ते तर आमच्यासारखेच घाबरलेले होते!

आईबापांनो, कळवळून सांगतो, तुमची भीती तुमच्याच खिशात ठेवा. मुलांच्या हातात आधीच चेंडू असतो. चूक सुधारायला शिकवणारी माणसं आहेत. तुम्ही पाण्याची बाटली भरून द्या, टाळ्या वाजवा आणि पोर हरून आली तरी तिला नेहमीसारखंच जेवू घाला. एवढ्याने काय होणार, असं म्हणू नका. माझ्या आतल्या त्या बोटांना विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवर जीव मुठीत धरून लटकत होतो. ही आता खेळणं सोडणार, मग आपली रवानगी माळ्यावर. बाबा चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती.

"बाबा, काल पडद्याआडून ऐकलं मी सगळं. बोट बरं झालं की मी खेळणार," खारूताई म्हणाली.

"खेळ. मी नाही येत."

"यायचंच. पण समोरच्या गोलामागे उभं राहायचं. तिथून तुमचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही. आत्याला मागेच ओरडायला लावून बघितलंय मी."

"आणि तू पडलीस तर?"

"तर उठेन. नाही उठता आलं तर आत्या येईल. तुम्ही मॅच संपल्यावर यायचं."

बाबांनी चमचा बाजूला ठेवला.

"तिकडे सावली नाही गं," ते म्हणाले.

"टोपी घाला."