द्रौपदीआजींचा फोटो

बोरीवलीच्या श्रुतिका परबने एक्स-रे तंत्राचा, म्हणजे घरच्या भाषेत ‘फोटो काढायचा’, कोर्स प्रथम श्रेणीत संपवला, कौन्सिलकडे नोंदणीही केली, आणि मग तिची खरी परीक्षा सुरू झाली. जिथे जावं तिथे एकच प्रश्न: अनुभव किती? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. शेवटी घाटकोपरच्या एका तपासणी केंद्राने दिवसभर काम करून दाखवायला बोलावलं.

“इथे फोटो एकदाच काढायचा,” मुख्य तंत्रज्ञ कुंडलिक सर पहिल्याच मिनिटाला म्हणाले. “पुन्हा काढायची वेळ आली तर पेशंटला उगाच जास्त किरणं लागतात. तसं झालं की तू घरी.”

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग द्रौपदीआजी आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो हवा होता.

“आजी, गळ्यातलं काढून ठेवा हं. फोटोत मणी उमटतात.”

“ह्यां मी काढूचंय नाय,” आजींनी मंगळसूत्र मुठीत धरलं. “घोव माझो भायर जितोजागतो बसलोहा.”

नवरा बाहेर बसलेला असताना गळा रिकामा ठेवायचा नाही, हा त्यांचा हेका. श्रुतिकाने गोड बोलून पाहिलं, शास्त्र सांगून पाहिलं. आजी ढिम्म. दारातून कुंडलिक सर म्हणाले, “सोड ना, पुढचा पेशंट घे. यांना उद्या बोलाव.”

उद्या श्रुतिका इथे असेल की नाही, कोणाला ठाऊक! आणि मंगळसूत्रासकट फोटो काढावा तर तो पुन्हा काढावा लागणार हे ठरलेलंच. तेवढ्यात तिला आठवलं, आईचं मंगळसूत्र सोनाराकडे सांधायला गेलं होतं, तेव्हा आईने काय केलं होतं. ती तशीच जिना उतरली, समोरच्या वडापाववाल्याकडून चिमूटभर हळद मागून आणली, ड्रेसिंगच्या खोलीतून सुती दोरा घेतला आणि ओल्या हळदीत चांगला माखला.

“आजी, हा घातला तर गळा रिकामा राहणार नाही. आणि सुताला किरणं जुमानत नाहीत.”

आजींनी दोरा उलटसुलट पाहिला. “पण बांधतलो कोण? ह्यो घोवानच बांधूक होयो.”

मग काय, बाहेरून बाळाआजोबांना बोलावणं गेलं. आजोबा आले ते लाजतच. गाठ काही बसेना.

“गो, मान वाकडी करू नको!”

“पयल्या वेळेकव असोच येळ लावलो होतो,” आजी म्हणाल्या. रिसेप्शनवरची नंदा खोलीबाहेरून टाळ्या वाजवू लागली, कुणीतरी ‘शुभमंगल’ म्हणालं, आणि आजी चक्क लाजल्या. गाठ बसल्यावरच त्यांनी मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

आजोबा बाहेर गेले, दार बंद झालं. श्वास घ्या, रोखा, सोडा. फोटो आरशासारखा स्वच्छ आला. श्रुतिकाने हुश्श केलं आणि नजर वर गेली, तर मशीनच्या, छाती टेकवायच्या पांढऱ्याशुभ्र पाटीवर आजींच्या गळ्यातल्या हळदीची पिवळीधमक पट्टी उमटलेली! झाली का वाट? ती स्पिरिटचा बोळा घेऊन घासायला लागली, तोच मागे कुंडलिक सर येऊन उभे राहिले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, पडद्यावरच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि ते निघून गेले.

संध्याकाळी ती पर्स उचलून निघाली. नोकरी गेली, हे तिने मनाशी धरलंच होतं.

“ए, पासपोर्टचा फोटो देऊन जा,” सर म्हणाले.

“कशाला सर?”

“बिल्ला मागवायचाय तुझ्या नावाचा.”

एक्स-रे खोलीत काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगाला किती किरणं लागली, हे तो सांगतो. आणि या केंद्रात तो एका दिवसाच्या पाहुण्यासाठी कधीच मागवत नसत.

श्रुतिकाने तिथूनच आईला फोन लावला.

“काय गं? नाही म्हणाले का?” आईचा जीव टांगणीला.

“नाही गं. माझ्या नावाचा बिल्ला येतोय, आई,” ती कशीबशी म्हणाली आणि सगळ्या पेशंटसमोर ढसाढसा रडली.