तेवीसपुढची रिकामी जागा

नाझिफे तेझेने चहाचे बारीक कमरेचे पेले ताटात मांडायला घेतले आणि नेहमीप्रमाणे मोजता मोजता चुकली. बाहेरच्या खोलीत बायकांचा नुसता कलकलाट चालला होता. बेर्नाची लेक आज चाळीस दिवसांची झाली होती. तिच्यासाठी हातिम होता, म्हणजे कुराणाचं पूर्ण वाचन. तीस भाग तीस जणींनी वाटून घ्यायचे, आपापल्या घरी वाचायचे आणि आज एकत्र बसून दुवा मागायची. जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या या तुर्की गल्लीत मूल झालं की हे ठरलेलंच.

त्या तीस जणींत तेझेचं नाव नव्हतं. कधीच नसे. सगळ्या गल्लीची ही तेझे, म्हणजे मावशी. एकतीस वर्षं शाळेच्या फरशा पुसून झाल्यावर, एकोणसत्तराव्या वर्षी ती मुकद्देस होजाच्या, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या बाईंच्या, वर्गात अरबी अक्षरं गिरवायला बसली. दोन हिवाळे गेले. आता तिला वाचता येई, पण बैलगाडीच्या चालीने. नवी यादी निघाली की ती हळूच विचारी, आणि होजा म्हणे, "तेझे, एका भागाची वीस पानं असतात. तुमची वाचून होईपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल."

सगळ्या हसत. तेझेही हसे आणि चहा ठेवायला उठे. तिच्यासारखा चहा कुणाला जमत नसे हे खरं, पण जन्मभर माणसाने काय चहाच ठेवायचा?

होजा शिस्तीची पक्की. यादी तिची, तीस पुस्तिकांची पेटीही तिची. एखादा भाग वाचून झाला की त्याच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने बारीक तारीख टाकायची तिची खोड सगळ्यांना ठाऊक होती. अकरा वर्षांत तिची यादी एकदाही चुकली नव्हती. म्हणून आज चष्मा कपाळावर सरकवत ती बोलली, तेव्हा आधी कुणाला खरंच वाटेना.

"अगं बायांनो, तेविसाव्या भागापुढे कुणाचं नावच नाही."

"होजा, तुमची यादी चुकली?" शेहरिबान ओरडली. "आता सूर्य पश्चिमेला उगवणार! कयामत आली म्हणा!"

बेर्नाचा मात्र चेहरा उतरला. "अर्धवट हातिमावर माझ्या पोरीची दुवा मागायची?"

"वीसच पानं आहेत," होजा शांतपणे म्हणाली. "एकेकीने एकेक घ्या. पाच मिनिटांचं काम."

कुणी फोन उघडले, कुणी पिशवीतून कुराण काढलं. पानांची मांडणी सगळीकडे सारखीच, त्यामुळे वाटणी पटकन झाली. बेर्नाला बाळामुळे सोडलं, तर आज आलेल्यांत वाचणाऱ्या एकोणीसच भरल्या.

"आणि विसावं पान?" बेर्नाने विचारलं.

होजाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "तेझे, वजू आहे ना?"

"आहे."

जिला कधी वाचायला मिळत नाही ती दर वेळी वजू करून, म्हणजे कुराण हाती धरण्याआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन येते, हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला नाही गं जमायचं," तेझे एप्रनला हात पुसत म्हणाली. "सगळ्या खोळंबतील."

"पंधरा ओळी आहेत. खोळंबू दे."

बेर्नाने पेटीतून तेविसावी पुस्तिका काढून तिच्या हातात ठेवली. होजाने मध्येच हात पुढे केला होता, पण तोवर उशीर झाला होता.

बाकीच्यांचं पाच मिनिटांत आटपलं. तेझेचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं. चहा उकळून काळा झाला, ताटातला खारा, पापुद्र्यांचा बोरेक गार पडला. एका शब्दावर ती अडली, तशी शेहरिबान सांगायला पुढे झुकली. होजाने तिचा गुडघा दाबला.

"वाचू दे तिला."

तेझेने तो शब्द तीनदा धरला आणि चौथ्यांदा सोडवला. मग आवाजातला कंप गेला. बाळ जागं झालं, तिच्याकडे टकामका बघत राहिलं, रडलं नाही. दहाव्या ओळीपर्यंत खोलीतले सगळे फोन उपडे झाले होते.

शेवटची आयत संपली. बोट सवयीने खाली घसरलं. तिथे पेन्सिलने बारीक तारीख होती, कालची. ते वळण तिच्या ओळखीचं होतं, त्याच हाताने तिला पहिलं अक्षर काढून दिलं होतं.

तेझेने वर पाहिलं. होजा दुवा लिहिलेला कागद इकडेतिकडे शोधत होती. कागद तिच्या मांडीवरच होता.

"झालं का, तेझे?" शेहरिबानने डोळे टिपत विचारलं.

तेझेने त्या तारखेवर अंगठा दाबून ठेवला. तिला हसू आवरेना.

"झालं," ती म्हणाली. "होजा, तुमची पेन्सिल द्या जरा. आजची तारीख मी टाकते."